विहिरीतले मासे गोल फिरायला लागले म्हणजे भूकंप येणार? मासे अशी चक्री का धरतात, ते समजून घ्या

परवा रात्री साडेदहाच्या सुमाराला आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक व्हिडिओ पडला. गाव म्हणजे तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. त्वरितादेवीचं तलवाडा म्हटलं की आमच्या भागात पुढचं काही सांगावं लागत नाही. व्हिडिओ कुणाच्या तरी शेतातल्या विहिरीचा होता. वरून बॅटरीचा उजेड, खाली हिरवट पाणी आणि त्या पाण्यात शे-दोनशे मासे एकामागं एक गोल फिरतायत. मधली जागा रिकामी. कुणी थांबत नाही, कुणी कुणाला धडकत नाही. बघून डोळे गरगरतात, पण नजर काही हटत नाही.

आणि खाली मेसेज. 'मासे असे फिरायला लागले की ४८ तासांत भूकंप होतो. काळजी घ्या, पुढं पाठवा.'

पुढं पाठवायला लोक बसलेलेच असतात. अर्ध्या तासात तोच व्हिडिओ आणखी तीन ग्रुपवरून आला. एकानं विहिरीचं पाणी पिऊ नका म्हणून सांगितलं, एकानं मोबाईल टॉवरवर बिल फाडलं. आणि आमच्या शेजारच्या आजीनं काही न बोलता अंगणात अंथरूण टाकलं.

आता त्या आजीला हसू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला जे झालं, ते ज्यांनी बघितलंय त्यांना भूकंप हा शब्द मेसेजमध्ये वाचायचा नसतो. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक दमून झोपलेले, आणि साधारण दहा हजार माणसं ढिगाऱ्याखाली गेली. मराठवाड्यातल्या एका अख्ख्या पिढीची झोप तेव्हापासून हलकी आहे. म्हणून हा विषय 'फेक आहे, सोडून द्या' एवढ्यावर संपवण्यासारखा नाही. मासे गोल फिरतात हे खरंय. मग ते का फिरतात, हे नीट सांगायला पाहिजे.

आधी भूकंपाचं उरकून टाकू

मासे आणि भूकंप ही जोडी जगात सगळ्यात जास्त कुठं मानली जात असेल, तर जपानमध्ये. खोल समुद्रातले लांबलचक पट्ट्यासारखे मासे किनाऱ्यावर आले की भूकंप येतो, असं तिकडं पिढ्यानपिढ्या सांगतात. तिकडच्या संशोधकांनी मग बसून हिशेबच काढला. १९२८ ते २०११ या काळात खोल समुद्रातले मासे दिसल्याच्या ३३६ नोंदी त्यांनी गोळा केल्या आणि २२१ मोठ्या भूकंपांच्या यादीशी ताडून बघितल्या. २०१९ मध्ये निकाल छापून आला. मेळ किती ठिकाणी बसला? एका.

विहिरीतल्या माशांनी गोल फिरण्याचा तर भूकंपाशी काहीच संबंध नाही. मासे जगात कुठं ना कुठं रोज असे फिरत असतात. रोज भूकंप होत नाही.

मग मासे गोल का फिरतात?

आपल्याकडं गोल फिरणं म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते खळं. मध्ये तिवडा रोवलेला, त्याला बांधलेली बैलांची पात आणि मागं चाबूक घेतलेला माणूस. बैल गोल फिरतात कारण मध्ये खांब आहे आणि मागं हाकणारा आहे.

माशांच्या चक्रीत यातलं काहीच नसतं. मध्ये खांब नाही, हाकणारा नाही आणि पुढारी पण नाही. या सगळ्या प्रकारातली खरी गंमत हीच आहे. आपल्याला वाटतं, एवढी शिस्त आहे म्हणजे कुणीतरी हुकूम देत असणार. शास्त्रज्ञांनाही बराच काळ हा प्रश्न पडलेला होता.

याचं उत्तर आधी माशांमध्ये न सापडता कॉम्प्युटरमध्ये सापडलं. १९८७ मध्ये क्रेग रेनॉल्ड्स नावाच्या अमेरिकन माणसानं पडद्यावर पक्ष्यांचा थवा उडवायचा प्रोग्रॅम लिहिला. प्रत्येक पक्ष्याला त्यानं फक्त तीन गोष्टी शिकवल्या. शेजाऱ्याला धडकू नको. शेजारी जिकडं तोंड करून चाललाय तिकडंच तोंड कर. आणि घोळक्यापासून फार लांब जाऊ नको. बास. थव्याचा आकार कसा असावा, वळायचं कधी, यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं. तरी पडद्यावर हुबेहूब थवा उडायला लागला. १९९२ च्या 'बॅटमॅन रिटर्न्स' सिनेमातली वटवाघळांची झुंड याच पद्धतीनं बनवली होती.

पुढं २००२ मध्ये इयन कझिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हेच तीन नियम घेऊन एक बारीक खेळ केला. प्रत्येक माशाभोवती तीन कडी आहेत असं समजा. अगदी जवळच्या कड्यात कुणी आलं तर मासा बाजूला सरकतो. त्याबाहेरच्या कड्यात कुणी असेल तर त्याच्या दिशेला दिशा मिळवतो. त्याही बाहेर कुणी दिसलं तर त्याच्याकडं ओढला जातो. कझिननं यातलं फक्त मधलं कडं, म्हणजे दिशा मिळवायचं कडं, लहान-मोठं करून बघितलं.

मधलं कडं जवळजवळ नसेल, तर नुसती गर्दी होते. पावसाळ्यात दिव्याभोवती किडे घोंघावतात तशी, ज्याचं तोंड त्याच्या दिशेला. मधलं कडं मोठं असेल, तर सगळे एका दिशेला सरळ निघतात, वारीला निघाल्यासारखे. आणि या दोन्हींच्या मध्ये कुठंतरी, म्हणजे दिशा मिळवायची पण फक्त अगदी जवळच्यांशी, तेव्हा थवा आपोआप गोल फिरायला लागतो. मध्ये पोकळी, कडेनं मासे. मेदूवड्याचा आकार डोळ्यासमोर आणा, तोच.

का होतं असं? तुम्ही स्वतःला माशाच्या जागी ठेवा. तुमच्या पुढं एक जण आहे, तुम्ही त्याच्यामागं निघालात. त्याच्यापुढं आणखी एक आहे. सगळ्यात पुढं जो आहे, त्याच्यासमोर मोकळं पाणी आहे. पण त्यालाही घोळका सोडायचा नाही, कारण एकटं पडणं म्हणजे मरण. म्हणून तो घोळक्याच्या बाजूला थोडा वळतो. त्याच्यामागचा त्याच्यामागं वळतो. वळता वळता पुढचा मासा रांगेतल्या शेवटच्याच्या मागं येऊन लागतो. आता सगळ्यांच्या पुढं कुणी ना कुणी आहे. पुढारी कोण आणि शेपूट कोण, हा प्रश्नच मिटला. सगळे चालतायत, कुणी कुठं जात नाही आणि घोळका फुटलेला नाही.

(व्हॉट्सॲप फॉरवर्डचंही साधारण असंच असतं. पण तो वेगळा विषय.)

डोळे बांधले तरी मासा रांग सोडत नाही

आता प्रश्न असा की शेजारी नेमका कुठं आहे, किती जोरात चाललाय, कधी वळला, हे माशाला कळतं कसं? आपल्याकडं सिग्नलला चार गाड्या नीट वळत नाहीत.

डोळे तर आहेतच. पण माशाकडं आणखी एक गोष्ट आहे, जी आपल्याकडं नाही. बाजारातून आणलेला रोहू किंवा कटला साफ करायच्या आधी बाजूनं नीट बघा. कल्ल्यापासून शेपटीपर्यंत अंगाच्या मधोमध एक बारीक ठिपक्यांची रेघ दिसेल. ही पार्श्वरेषा. या रेघेतल्या छिद्रांमधून पाण्याची बारीक हालचाल माशाला जाणवते. शेजारच्यानं शेपूट हलवली की पाणी हलतं आणि ते याला अंगावर कळतं. ऐकणं आणि स्पर्श यांच्या मधलं काहीतरी म्हणा.

१९७६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी थव्यात राहणाऱ्या एका समुद्री माशाचे डोळे झाकले आणि त्याला थव्यात सोडलं. गडी थव्याबरोबर पोहत राहिला. अंधारात किंवा पुराच्या गढूळ पाण्यात थवा कसा टिकतो, याचं मोठं उत्तर या रेघेत आहे.

बेंगळुरूच्या टाकीतले कालुंदर

या विषयातलं एक महत्त्वाचं काम आपल्याच देशात झालंय, आणि तेही गोव्याच्या ताटात येणाऱ्या माशावर. कालुंदर माहितीय? केरळमध्ये त्याला करीमीन म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यमासा आहे. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत विश्वेश गुट्टल यांच्या गटानं या कालुंदरची पिल्लं टाकीत सोडून वरून कॅमेरा लावला आणि त्यांच्या वळण्याचा हिशेब मांडला. २०२० मध्ये ते 'नेचर फिजिक्स' या नियतकालिकात छापून आलं.

तोपर्यंत बऱ्याच जणांचा समज होता की मासा आजूबाजूच्या सगळ्या शेजाऱ्यांकडं बघतो आणि सरासरी काढून आपली दिशा ठरवतो. कालुंदरच्या हिशेबातून वेगळंच निघालं. मासा एका वेळी कुणातरी एकाच शेजाऱ्याची नक्कल करतो. थोड्या वेळानं दुसऱ्याची. मध्येच स्वतःच्या मनानं कुठंही वळतो. एवढ्यावरच थवा एका दिशेला लागतो.

त्याहून भारी म्हणजे, थवा जेवढा लहान, तेवढी त्याची शिस्त जास्त निघाली. चार पोरं असली की एकानं 'चला चहाला' म्हटलं की चौघं उठतात. चाळीस असली की एक टोळकं चहाला, एक पानाच्या टपरीवर. माशांचंही तसंच. लहान घोळक्यात योगायोगानं दोघं-तिघं एका बाजूला वळले, तरी बाकीचे लगेच ओढले जातात. गोंधळातूनच शिस्त तयार होते असं गणितानं सिद्ध करून दाखवलेलं हे उदाहरण आहे, आणि ते आपल्या कालुंदरनं दिलंय.

विहीर गोल असते, हे विसरू नका

आता परत आमच्या तलवाड्याच्या व्हिडिओकडं येऊ. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर विचारत विचारत विहीरवाल्यापर्यंत पोहोचलो. त्यानं विहिरीत हौसेनं रोहू-कटल्याची बोटुकली सोडलेली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मत्स्यबीज केंद्रावर याच नावानं मिळतात. आमच्याकडं हे नवं नाही. गेवराई तालुक्याच्या उत्तर अंगाला गोदावरी, वर पैठणला नाथसागर आणि जायकवाडीचा उजवा कालवा तालुक्यातून माजलगावकडं जातो. त्यामुळं दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा जिल्हा असला, तरी मासे आम्हाला परके नाहीत.

व्हिडिओचा उलगडा बराचसा विहिरीच्या आकारातच आहे. मासा भिंतीला लागला की भिंतीच्या कडेनं पोहत राहतो. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडतो, वळतो, थवा विस्कटतो. गोल विहिरीला कोपराच नाही. एक मासा कडेनं निघाला, दुसरा त्याच्यामागं लागला की बाकीच्यांना दुसरा रस्ताच राहत नाही. त्यात रात्री वरून बॅटरी मारली, की बिचकलेले मासे आणखी जवळ येतात. आणि मग वरचा माणूस व्हिडिओ काढतो.

पण निव्वळ भिंतीमुळं होतं असंही नाही. अमेरिकेतल्या गोल्डन शायनर नावाच्या छोट्या माशांवर २०१३ मध्ये एक अभ्यास छापून आला. उथळ चौकोनी टाकीत कधी ३०, कधी ७०, कधी १५०, कधी ३०० मासे सोडले. थवा स्वतःहूनच तीन अवस्थांमध्ये बदलत राहिला. कधी नुसती गर्दी, कधी सरळ रांग, कधी गोल चक्री. आणि मासे जेवढे जास्त, तेवढा वेळ चक्रीत जास्त. म्हणजे जागा तेवढीच आणि डोकी वाढली, की गोल फिरणं वाढतं. विहिरीत शे-दोनशे बोटुकली म्हणजे नेमकी तीच परिस्थिती.

पण ही सवय लागली कुठून?

विहिरीत या पिल्लांना खाणारं फारसं कुणी नाही. मग एकमेकांना इतकं चिकटून राहायची गरज काय? कारण सवय विहिरीतली नाही. ती नदी आणि समुद्रातली आहे, जिथं प्रत्येक लहान माशाच्या मागं कुणीतरी मोठा लागलेला असतो.

एकटा मासा दिसला की शिकारी त्याच्यावर नजर धरतो आणि उडी मारतो. हजार मासे एकदम चमकत फिरायला लागले की नजर धरायची कुणावर? एकावर धरेपर्यंत तो दुसऱ्याच्या आड गेलेला असतो. हे नुसतं बोलायला नाही. १९७४ मध्ये माकूल आणि इतर शिकारी जिवांवर प्रयोग करून बघितलं, तर थवा जसा मोठा होत गेला तशी शिकाऱ्याची चूक वाढत गेली. वर हजार मासे म्हणजे पहारा द्यायला हजार जोड्या डोळे. आणि साधा हिशेब असा की हजारात आपलाच नंबर लागण्याची शक्यता हजारात एक.

समुद्रात तारल्यांच्या थव्याला शिकारी माशांनी घेरलं की थवा आकसतो आणि गरगर फिरणारा गोळा होतो. दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर साधारण मे ते जुलैमध्ये तारल्यांची मोठी लाट येते. डिस्कव्हरीवर दिसणारे डॉल्फिन आणि सूर मारणाऱ्या पक्ष्यांचे प्रसिद्ध व्हिडिओ तिथलेच असतात. त्यात प्रत्येक तारली एकच काम करत असते, शेजाऱ्याच्या आड जायचं. कडेचा आत घुसतो, आतला बाहेर ढकलला जातो. बाहेरून एकी दिसते. आत प्रत्येकाची स्वतःचा जीव वाचवायची धावपळ असते.

थव्यात पोहण्याचा आणखी एक फायदा अलीकडं मोजला गेला. २०२४ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी जायंट डॅनिओ नावाच्या माशांना खळबळत्या पाण्यात पोहायला लावलं. एकट्या माशाच्या तुलनेत थव्यातल्या माशांची ताकद ७९ टक्क्यांपर्यंत कमी खर्च झाली. हे सरळ पोहताना मोजलेलं आहे, चक्रीत नव्हे, पण घोळक्यात राहण्याचं आणखी एक कारण म्हणून सांगितलं.

जी युक्ती माशाला वाचवते, तीच जाळ्याला सापडते

इथं मला थोडं थांबायचंय, कारण आपल्या किनाऱ्यावरचं एक मोठं भांडण या गोळ्याभोवतीच फिरतं.

तारली, बांगडा हे थव्यानं राहणारे मासे. मालवणपासून वेंगुर्ल्यापर्यंत रापण ओढणारे लोक पिढ्यानपिढ्या याच सवयीवर जगलेत. होडीतून किनाऱ्यालगत अर्धगोल जाळं टाकायचं, दोन्ही टोकं किनाऱ्यावर आणायची आणि सगळ्यांनी मिळून ओढायची. किनाऱ्याजवळ थवा आला तर रापण, नाही आला तर हात हलवत घरी. जे मिळेल ते ओढणाऱ्यांमध्ये वाटून घ्यायचं.

पर्ससीन जाळं त्याच्या उलट आहे. ते थवा किनाऱ्यावर यायची वाट बघत नाही. यांत्रिक बोट खोल पाण्यात थवा शोधते, त्याच्याभोवती जाळ्याची भिंत उभी करते आणि खालचा दोर ओढून बटव्यासारखं तोंड बंद करते. अख्खा थवा एका फेरीत आत. शिकारी माशासमोर जवळ जवळ येणं शहाणपणाचं होतं. जाळ्यासमोर तेच सगळ्यात मोठी चूक ठरतं. घाबरून मासे जितके एकत्र येतात, तितकं जाळ्याचं काम सोपं.

त्यापुढचा प्रकार म्हणजे एलईडी. रात्री समुद्रात प्रखर दिवे लावले की प्लवंग आणि छोटे मासे उजेडाकडं येतात, त्यांच्यामागं मोठे येतात, आणि दिव्याखाली घिरट्या घालणारा घोळका तयार होतो. आमच्या विहिरीवर एका बॅटरीनं जे केलं, तेच तिथं हजारपट ताकदीनं होतं.

सोमवंशी समितीच्या अहवालानंतर राज्य सरकारनं फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले आणि परवाने टप्प्याटप्प्यानं १८२ वर आणायचं ठरवलं. एलईडीच्या मासेमारीवर केंद्रानं नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. २०२१ मध्ये राज्यानं १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात बदल करून दंड वाढवले. तरी सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या बातम्यांमध्ये पारंपरिक मच्छीमार विरुद्ध पर्ससीन-एलईडी हे भांडण दर हंगामात असतंच. माझं मत विचाराल तर, ज्या जाळ्यातून थव्यातला एकही मासा सुटत नाही ते जाळं कुणाचंच भलं करत नाही, आज भरून आलेल्या बोटीचंही नाही.

खरी घाबरायची वेळ कधी?

परत आमच्या भागात येऊ, कारण २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आल्यापासून मराठवाड्यात शेततळी वाढली आणि काही जणांनी त्यात मासे सोडले. त्यांच्यासाठी हा भाग महत्त्वाचा आहे.

थवा गोल फिरतोय, मासे एका वेगानं, एका दिशेनं, पाण्याच्या आत आहेत, तर काळजीचं कारण नाही. व्हिडिओ काढा, बघा, सोडून द्या.

पण पहाटे पहाटे तळ्यावर गेलात आणि मासे पृष्ठभागावर तोंड काढून आ वासतायत, कडेला गोळा झालेत, जवळ गेलं तरी पळत नाहीत, तर तो खेळ नाही. पाण्यातला ऑक्सिजन संपत आलाय. दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतं. रात्री तेच शेवाळ, मासे आणि तळाचा गाळ मिळून तो ओढतात. म्हणून सूर्य उगवायच्या आधी ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो. सलग ढगाळ दिवस असले, पाणी गडद हिरवं झालेलं असलं, खाद्य जास्त पडत असलं की धोका वाढतो. अशा वेळी खाद्य बंद करायचं, पंप लावून पाणी उंचावरून कारंज्यासारखं परत तळ्यात पाडायचं, शक्य असेल तर ताजं पाणी सोडायचं. आणि नेहमीचं असेल तर मासे जास्त झालेत हे समजून घ्यायचं.

दाटीनं ऑक्सिजन कमी होतो हे उघड्या समुद्रातही मोजलंय. १९६७ मध्ये बोई माशांच्या थव्यात मोजमाप झालं, तर पुढच्या माशांपेक्षा मागच्यांना मिळणाऱ्या पाण्यात ऑक्सिजन कमी निघाला. अथांग समुद्रात ही गत, तर प्लास्टिकच्या कागदातल्या तळ्याचं काय होणार?

दुसरी खूण म्हणजे एकटा मासा. थवा नाही, एकच मासा तोल गेल्यासारखा, पोट वर करून, स्वतःभोवतीच गिरक्या घेतोय, तर तो आजारी आहे किंवा पाण्यात काहीतरी विषारी आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात अमेरिकेत फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर असे गिरक्या घेणारे मासे दिसायला लागले. समुद्राच्या तळाशी वाढणाऱ्या सूक्ष्म शेवाळांच्या विषांकडं शास्त्रज्ञांनी बोट दाखवलं. असं काही दिसलं तर व्हिडिओ ग्रुपवर टाकण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या माणसाला दाखवा.

चक्री कायम चांगलीच असते असंही नाही, हे मुंग्यांकडून कळतं. लष्करी मुंग्या वासाच्या मागावर चालतात. कधीकधी पुढच्या मुंगीचा माग चुकून मागच्या मुंगीला जाऊन मिळतो आणि हजारो मुंग्या गोल फिरत राहतात. १९२१ मध्ये विल्यम बीब यांनी गयानाच्या जंगलातल्या अशा एका चक्रीचं वर्णन लिहून ठेवलं. घेर १२०० फूट, एका मुंगीला एक फेरी मारायला अडीच तास. अशा फेऱ्यांत मुंग्या दमून मरतात. मासे मात्र चक्री मोडतात. खाद्य पडलं, सावली हलली, दोन-चार जण वेगळ्या दिशेला गेले की बाकीचे त्यांच्यामागं निघतात. २००५ च्या एका अभ्यासात तर असं निघालं की घोळका जितका मोठा, तितके कमी टक्के माहीतगार लागतात सगळ्यांना वळवायला.

आणि लाल गोळ्याचं काय?

ग्रुपवर हे सगळं थोडक्यात लिहिलं तेव्हा एकानं विचारलं, पावसाळ्यात तळ्यात, धरणाच्या कडेला पाण्यावर लालसर गोळा उकळल्यासारखा दिसतो, तो पण हाच प्रकार का?

जवळपास हाच. तो मरळीच्या पिल्लांचा गोळा. मरळ कल्ल्यांशिवाय हवेतूनही श्वास घेते, म्हणून पिल्लं सारखी वर येतात, श्वास घेतात, खाली जातात, आणि शेकडो पिल्लांचा तो नारिंगी-लाल गोळा पाण्यावर खदखदल्यासारखा दिसतो. गोळ्याखाली त्यांचे आईबाप असतात. काही आठवडे ते पिल्लांवर पहारा देतात, जवळ येईल त्याच्यावर धावून जातात, मग तो बेडूक असो की गळाला लावलेलं आमिष.

मरळ पकडणाऱ्यांना हे पक्कं माहीत असतं. लाल गोळा दिसला की गळ नेमका तिथंच पडतो, मरळ धावून येते आणि लागते. तीनशे-चारशे रुपयांची मरळ पिशवीत गेली की मागं उरलेला गोळा काही वेळ तसाच फिरत राहतो, एकमेकांना चिकटून. मग खालून दुसरे मासे येतात आणि संध्याकाळपर्यंत तो गोळा तिथं नसतो.

शेजारच्या आजीला हे सगळं दुसऱ्या दिवशी सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. अंथरूण अजून अंगणातच आहे, पण आता म्हणते, आत उकडतं.